म्हटलं, त्यांच्या लक्षात असेलच!

...आणि वर सासरे मलाच विचारतात, 'सूनबाई, तू एवढी गप्प गप्प का गं असतेस?' आता ह्याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! ज्या घरात बाथरूमची कडी बाहेरून आहे, त्या घरात नव्या सुनेने कुठल्या विषयावर तोंड उघडायचं? हो. बाहेरून. कडी. बाथरूमची. सासऱ्यांनी स्वतः बसवली, स्क्रू पिळून पिळून बसवली, मग दोन पावलं मागे सरकून मान तिरकी करून बघितली आणि म्हणाले, 'आता कशी पक्की बसली!' पक्की बसलीच होती हो, त्यात वादच नाही... फक्त दाराच्या दुसऱ्या अंगाला.

ही माझ्या लग्नाआधीची गोष्ट. मी घरात आले तेव्हा मला वाटलं, काय संगीतप्रेमी माणसं आहेत! सासूबाई आंघोळीला गेल्या की अखंड गुणगुणतात, नवरा शीळ घालतो, आणि सासरे आत असले की खाकरतात... पण तालात! मी माहेरी फोन करून सांगितलंसुद्धा, 'आई, घर अगदी हौशी आहे.' नंतर उलगडा झाला. गाणं कसलं, आतून दार लागत नाही म्हणून आत माणूस आहे एवढं कळवायचं असतं!

मी नवऱ्याला विचारलं, 'अरे, बाबांना कुणी सांगितलं नाही?'

तर म्हणतो कसा, 'म्हटलं, त्यांच्या लक्षात असेलच.'

हे वाक्य जरा ऐकून ठेवा. ह्या घराच्या दारावर नावाच्या पाटीऐवजी हे वाक्य लावलं तरी पोस्टमन चुकणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, सासरे तापट असतील. छे! आवाजसुद्धा चढत नाही. सासरे दातांचे डॉक्टर. आयुष्यभर त्यांच्यासमोर ज्याने ज्याने तोंड उघडलं, त्याला बोलता आलेलं नाही! माणूस खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, नळी, आरसा, आणि हे वरून विचारणार, 'दुखत नाहीये ना? नाहीच दुखत.' तो बिचारा 'आँ आँ' करतो, हे म्हणतात, 'बघा, म्हटलं नव्हतं?' अशी उभी हयात गेल्यावर माणसाची समजूत होणारच ना, की आपण म्हणतो ते सगळ्यांना पटतं! आणि घरच्यांनाही तोंडात कापूस असल्यासारखं जगायची सवय लागली.

मी तशी कमीच बोलते. हसू नका. मी वाचनालयात नोकरीला आहे, तिथे न बोलण्याचाच पगार मिळतो. त्यामुळे ह्या घरात मी लगेच रुळले. मी फक्त बघते. आणि चहा करते. माझ्या आईसारखा, दालचिनी घालून. पहिल्या दिवशी केला, तिघांनी एकदम घोट घेतला, तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिघं एकदम म्हणाले, 'छान!' मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तोच. नवरा तर कप घेऊन थेट गॅलरीतच जातो, म्हणतो, मोकळ्या हवेत जास्त छान लागतो. गॅलरीत एक कुंडी आहे, तिच्या मातीला मधूनमधून दालचिनीचा वास येतो. विचारणार होते एकदा... पण राहिलं.

तर मुद्दा नवऱ्याचा. माझा नवरा को-पायलट आहे. खऱ्या विमानावर. माझ्या मावशीने भर लग्नात विचारलं, 'म्हणजे पायलट रजेवर असला की हा चालवतो का गं?' नाही हो मावशी! दोघंही चालवतात. डाव्या खुर्चीत कॅप्टन, उजव्या खुर्चीत को-पायलट, दोघांच्याही पुढ्यात विमान वळवायचा दांडा, दोघांनाही उडवता येतं, उतरवता येतं. जाताना एक चालवतो, येताना दुसरा. म्हणजे तुम्ही सुखरूप उतरून टाळ्या वाजवता ना, त्यातल्या निम्म्या माझ्या नवऱ्याला असतात. आणि जेवणसुद्धा दोघांनी वेगवेगळं घ्यायचं, का, तर एकाचं पोट बिघडलं तर दुसरा शाबूत हवा! हे त्याने नव्या उत्साहात घरी सांगितलं मात्र, सासूबाईंनी डोळ्याला पदर... 'माझ्या हातचं खाऊन पोट बिघडतं का रे?' तेव्हापासून तो घरात दोन्ही भाज्या खातो.

बरं, मग जो चालवत नसतो तो काय करतो? खिडकीतून ढग बघतो? मलाही तसंच वाटायचं. नाही! तो लक्ष ठेवतो. आणि बोलतो. उंची ठरल्यापेक्षा खाली गेली, बोल. वेग उतरला, बोल. कॅप्टनने भलताच आकडा फिरवला, बोल. कॅप्टन वयाने मोठा, अनुभवाने मोठा, मिशीने मोठा, असू दे... बोल! बोलायचीच नोकरी आहे हो ती! आणि ती कुणाला लागली? तर ज्याला स्वतःच्या बापाला कडी उलटी बसलीय एवढं सांगता आलं नाही, त्याला.

आता ह्या लोकांची वर्षातून दोनदा परीक्षा असते. विमानतळाच्या मागे एक इमारत आहे, तिच्यात एक खोटं विमान. विमान म्हणजे नुसतं डोकं, धड नाही. पांढरा मोठा डबा, खाली पोलादी पाय, आणि ते पाय त्याला असं हलवतात, असं डुलवतात, की आत बसलेल्याला खरंच उडतोय असं वाटतं. आत ढग, पाऊस, आग, सगळं खोटं. घाम तेवढा खरा. आणि परीक्षक म्हणून जे कॅप्टन येतात, त्यांना सगळे मागून 'घुबड' म्हणतात. कारण त्यांची पापणी लवत नाही. माझा नवरा म्हणतो, शिंकतानासुद्धा नाही.

तर गेल्या परीक्षेत काय झालं... घुबड स्वतः डाव्या खुर्चीत, कॅप्टन बनून. नवरा उजवीकडे, लक्ष ठेवायला. बाहेर खोटे ढग. आता विमान उतरवताना काय असतं, एक उंची आधीच ठरलेली असते. त्या उंचीला आलात आणि धावपट्टी दिसली, तर उतरा. नाही दिसली, तर थांबून चर्चा नाही, 'जरा अजून बघू या' नाही, सरळ वर जायचं आणि पुन्हा फिरून यायचं. ह्याला म्हणतात गो-अराउंड. त्यात लाज नाही, हार नाही, कुणी नाव ठेवत नाही. दोघांपैकी कुणीही 'गो-अराउंड' म्हटलं की जायचंच. किती सुंदर आहे, नाही? मला तर वाटतं, लग्नाच्या बोलणीतसुद्धा अशी सोय पाहिजे.

ती उंची आली. धावपट्टी नाही. घुबड मुद्दाम खाली चाललंय. नवरा बघतोय. अजून खाली. बघतोय. डब्यातली बाई, म्हणजे यंत्रातला बाईचा आवाज, ती ओरडायला लागली, 'वर घ्या! वर घ्या!' म्हणजे बघा, यंत्रालासुद्धा राहवलं नाही! हा ढिम्म. आणि मग पडदा लाल झाला, म्हणजे विमान आपटलं.

घुबड वळलं. 'धावपट्टी दिसत होती?'

'नाही सर.'

'आपण खाली चाललोय हे दिसत होतं?'

'हो सर.'

'मग बोलला का नाहीस?'

आणि माझा नवरा, माझा भोळा, गुणी नवरा, काय म्हणाला असेल?

'म्हटलं, तुमच्या लक्षात असेलच.'

घुबडाने म्हणे खुर्चीचे पट्टे सोडले. मग शांतपणे म्हणालं, 'हे बघ, इंजिन बंद पडलं तर निदान कळतं. हे तुझं वाक्य काही कळूच देत नाही. पुढच्या परीक्षेला पुन्हा गप्प बसलास तर उडणं बंद. ऑफिसात टेबल देतो. टेबल जागेवर असतं, खाली जात नाही.'

घरी आला तो बुटासकट पलंगावर बसला. मी चहा दिला. 'छान,' म्हणाला, आणि गॅलरीत गेला.

तुम्हाला सांगते, हा माणूस लहानपणी छतावर पडून विमानांची पोटं मोजायचा. आवाजावरून सांगायचा, चढतंय की उतरतंय. त्याला टेबल? मला काही सहन होईना. मी वाचनालयातून जमतील ती पुस्तकं आणली, त्याच्याकडची घेतली, वाचली... आणि ठरवलं, ह्याला आपण बोलता करायचा.

झालं! बेडरूमचं विमान झालं. कपाटाच्या दारांवर त्याने जुनं कॉकपिटचं चित्र चिकटवलं, खऱ्या मापाचं. शिकताना हे लोक असंच कागदावरच्या बटणांवर बोटं ठेवून सराव करतात. समोर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या. डावीकडे मी, कॅप्टन. उजवीकडे तो. माझे मोजे कपाटात, म्हणजे उंची दाखवणाऱ्या काट्याच्या मागे. सकाळी कामावर जायचं तर आधी विमान उघडायला लागायचं. आणि माझं काम काय? चुका करायच्या. त्याने त्या पकडायच्या.

पहिल्या दिवशी मी चाकं बाहेर न काढता विमान उतरवलं. पोटावर! हा शेजारी हसऱ्या चेहऱ्याने.

'काय रे, चाकं?'

'म्हटलं, तुझ्या लक्षात असेलच.'

'अरे, मी मुद्दाम चुकत्येय! बोल ना! मी तुझी बायको आहे, माझ्या चुका काढ!'

जगात कुठल्या बायकोने हे वाक्य उच्चारलंय, सांगा! माझ्या मैत्रिणींना कळलं तर माझ्याशी बोलणं टाकतील.

मग मला पुस्तकात ती तीन पायऱ्यांची युक्ती सापडली. मोठ्या माणसाची चूक कशी दाखवायची, ह्याची ह्या लोकांनी रीतच घालून ठेवलीय हो! पहिली पायरी, नुसती माहिती द्यायची. 'सर, माहिती म्हणून सांगतो, उंची कमी होतेय.' अपमान नाही, काही नाही, आपला निरोप. नाही ऐकलं तर दुसरी, सुचवायचं. 'सर, वर जाऊ या असं सुचवतो.' तरी नाही ऐकलं तर तिसरी... विमान हातात घ्यायचं. 'माझ्याकडे!' असं मोठ्याने म्हणायचं, आणि समोरच्याने 'तुझ्याकडे!' म्हणून हात सोडायचे. तो सोडेपर्यंत ह्याने धरलेलं असलंच पाहिजे, म्हणजे विमान एक क्षणसुद्धा बिनधन्याचं राहत नाही. आणि ज्याची चूक निघाली त्याने काय म्हणायचं? 'चेक.' बस. रुसायचं नाही, 'तूच काय मोठा शहाणा' नाही, 'तुझ्या आईने त्या दिवशी काय केलं' नाही. 'चेक', आणि चूक सुधारायची.

मी ती पायऱ्यांची रीत वाचली आणि पुस्तक मिटलं. म्हटलं, ही माणसं एवढी सुधारली आणि आम्ही अजून आंघोळीला गाणी म्हणतोय!

सराव सुरू. 'माहिती म्हणून सांगतो...' इतक्या हळू म्हणायचा की माहिती त्याच्या कॉलरच्या बाहेर येत नव्हती. मी म्हणायचे, 'मोठ्याने! इंजिनाचा आवाज आहे!' इंजिनाचा आवाज मीच तोंडाने काढत होते. हळूहळू जमायला लागलं. एके दिवशी तर बाहेरून सासूबाईंनी दारावर टकटक केली, 'काही झालं का गं? तो एवढा ओरडतोय?' आतून आम्ही दोघं एकदम, 'काही नाही आई, पडत होतो!' त्या म्हणाल्या, 'बरं,' आणि गेल्या. पुढे काही विचारलं नाही. त्यांनाही वाटलं असेल, आमच्या लक्षात असेलच.

म्हणजे बेडरूममध्ये तयारी झाली. पण माझ्यासमोर बोलणं वेगळं आणि घुबडासमोर वेगळं, हे मला दिसत होतं ना! त्याच्या पोटातलं खरं घुबड कोण, तेही मला दिसत होतं. ते रोज संध्याकाळी हॉलमध्ये बसून दात कोरायचं.

आली परीक्षा. सकाळी सासरे शर्टाच्या बाह्या सारख्या करत म्हणाले, 'मी सोडतो गाडीने. टॅक्सीवाल्यांचा काय भरवसा?' आता सासऱ्यांचं गाडी चालवणं म्हणजे... कसं सांगू, ते गाडी चालवत नाहीत, गाडीला तपासतात. सासूबाई गाडीत बसल्या की डोळे मिटून घेतात. मला वाटायचं झोप लागते. नाही. भीती. पण बोलणार कोण? तर निघालो. पुढे चालवणारे सासरे, शेजारी नवरा, कडक इस्त्रीचा गणवेश, मांडीवर टोपी. मागे सासूबाई डोळे मिटून, आणि मी उघडे ठेवून.

विमानतळ जवळ आला तसा रस्त्याला फाटा आला. नेहमीचा सरळ जाणारा रस्ता खणून ठेवलेला, तिथे बाण काढलेला फळा, 'वळसा घालून पुढे', आणि बाण स्पष्ट उजवीकडे. आणि नेमका त्याच वेळी गाडीत समोर एक पिवळा दिवा लागला.

'हा दिवा कसला रे?' सासरे.

'बघतो,' नवरा वाकला.

सासरेही वाकले. दोन डोकी एका दिव्यावर! आणि गाडी आपली सुखाने डावीकडे गेली.

पुस्तकात नेमकं हेच आहे हो! एका क्षुल्लक दिव्यापायी सगळे वाकून बसतात आणि विमान कोण बघतंय, तर कुणीच नाही! माझ्या तोंडाशी शब्द आले, 'बाबा, उजवीकडे...' आणि मी ते गिळले. का गिळले विचारा. कारण नवऱ्याने मान वर केली होती. त्याने फळा बघितला होता. त्याचे कान लाल झाले होते! त्याला ठाऊक होतं. मी बोलले असते तर गाडी पोचली असती, पण नवरा नसता पोचला. म्हणून मी, आयुष्यात पहिल्यांदा, मुद्दाम गप्प बसले. फरक बाहेरून दिसत नाही, पण कष्ट फार पडतात.

गेली गाडी. मालाची गोदामं लागली. नवऱ्याने तोंड उघडलं... मिटलं. विमानातल्या जेवणाच्या ढकलगाड्या धुतात ती शेड लागली. उघडलं... मिटलं. माशासारखं! डांबर संपलं, खडी लागली. सासरे म्हणाले, 'रस्ता जरा बदललेला दिसतोय.' जरा! खडी संपली, गवत लागलं. डाव्या हाताला विमानतळाचं तारेचं कुंपण, उजव्या हाताला डबकं. समोर लांबवर मातीचा ढिगारा आणि त्याच्यावर पाटी, 'पुढे रस्ता नाही'. सासरे दिव्याकडे बघत म्हणतायत, 'तेलाचा असावा.' घड्याळ पुढे चाललंय, ढिगारा जवळ येतोय, सासूबाईंनी मिटलेले डोळे आणखी मिटले, आणि मी... मी नवऱ्याच्या सीटच्या पाठीवर गुडघ्याने एक टोला दिला.

'बाबा,' नवरा म्हणाला. आवाज फाटला. पुन्हा म्हणाला, 'बाबा, माहिती म्हणून सांगतो, पुढे रस्ता नाही.'

मला मागे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

'असू दे,' सासरे म्हणाले.

'बाबा, मी सुचवतो, गाडी थांबवावी.'

'तू तुझं विमान चालव. गाडी मी चालवतोय.'

ढिगारा आला. आणि मग, तुम्हाला सांगते, माझ्या नवऱ्याच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक, ताठ बसला आणि अख्ख्या गाडीला हादरा बसेल अशा आवाजात ओरडला,

'माझ्याकडे!'

आणि सासऱ्यांनी... ज्यांना आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं, त्यांना हे इतकं नवीन होतं, की त्यांनी त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, ऐकलं. दोन्ही हात वर. एकदम! दरोडा पडल्यासारखे.

'तुझ्याकडे!' म्हणाले.

आणि नवऱ्याने झोकात दोन्ही हात पुढे केले... आणि पुढे काहीच नव्हतं! अहो, विमानात दोन्ही खुर्च्यांपुढे दांडा असतो! गाडीत नसतो! गाडीत त्याच्यापुढे होता तो सामान ठेवायचा खण, त्याचं झाकण उघडलं आणि जुन्या रुग्णाच्या कवळीचा साचा त्याच्या मांडीवर पडला! सासऱ्यांचे हात छताला, नवऱ्याच्या हातात कवळी, आणि गाडी? गाडी बिनधन्याची!

'ब्रेक!!'

हे मी ओरडले. मी. वाचनालयातली. सासूबाईंनी डोळे उघडले, त्या म्हणाल्या, 'अगंबाई, हिला आवाज आहे!'

सासऱ्यांचा पाय गेला ब्रेकवर. वेग तसा फार नव्हताच. गाडी ढिगाऱ्यावर अर्धी चढली, जरा विचार केला, आणि नाक वर करून थांबली. अगदी उड्डाणाच्या पवित्र्यात.

शांतता. डबक्यात एक बेडूक. सासऱ्यांचे हात अजून वरच. आणि त्या शांततेत मागून हॉर्न वाजला.

मागे वळून बघते तो काय, आमच्या अगदी मागे एक करडी गाडी. तिच्यातून एक उंच गृहस्थ उतरले, गणवेशातले, ताठ. चिखलातून शांतपणे चालत नवऱ्याच्या खिडकीशी आले, वाकले. आणि मी बघितलं, पापणी लवत नव्हती.

'तू इकडे कुठे?' घुबड म्हणालं.

'सर... रस्ता चुकलो. तुम्ही?'

घुबडाने ढिगारा बघितला. पाटी बघितली. सासऱ्यांचे वर केलेले हात बघितले. कवळी बघितली. मग कधी नव्हे ती पापणी लवली.

'फाट्यापासून तुमच्या मागे आहे,' ते म्हणाले. 'बाण दिसला होता मला. पण गाडीत गणवेशातला माणूस, रोजचा जाणारा... म्हटलं, तुमच्या लक्षात असेलच.'

हसायचं नव्हतं. त्या क्षणी हसणं म्हणजे नवऱ्याची नोकरी. मी पर्समध्ये तोंड घातलं. आणि माझा नवरा, देव त्याचं भलं करो, गाडीतून उतरला, टोपी घातली, आणि म्हणाला, 'सर, माहिती म्हणून सांगतो, उशीर होतोय. मी सुचवतो, मागे फिरून फाट्यावरून उजवीकडे जावं.'

घुबडाने मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणालं, 'चेक.'

आणि दोघं करड्या गाडीतून गेले. परीक्षेला पोचायच्या आधीच निम्मा पास झाला होता हो! उरलेला निम्मा डब्यात झाला. त्या दिवशी खोट्या ढगात घुबड पुन्हा खाली चाललं, आणि नवऱ्याने म्हणे 'गो-अराउंड' असं ठोकून म्हटलं, की यंत्रातल्या बाईला तोंड उघडायची वेळच आली नाही. उडणं कायम. टेबल दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

आम्ही तिघं मात्र ढिगाऱ्यावरून गाडी ओढून काढणाऱ्याची वाट बघत गवतात बसलो. सासऱ्यांनी काडीने बुटाचा चिखल खरवडला. मग म्हणाले, 'सूनबाई, फाट्यावर बाण होता?'

'होता बाबा.'

'तुला दिसला?'

'दिसला.'

'हिला?' सासूबाईंकडे बोट.

'मी डोळे मिटते,' सासूबाई म्हणाल्या. 'लग्न झाल्यापासून.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाथरूमशी खुडबुड चाललेली. सासरे, स्क्रू पिळायचं हत्यार, आणि कडी. आतल्या बाजूला! दोन पावलं मागे सरकून बघितली, मान तिरकी करून. म्हणाले, 'माहिती म्हणून विचारतो, बरोबर बसली का?' माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं! सासूबाई आत गेल्या, कडी लावली, आणि आतून आवाज नाही, काही नाही... इतका वेळ गप्प राहिल्या की आम्हीच घाबरून हाका मारल्या. त्या म्हणाल्या, 'थांबा गं जरा, मजा वाटतेय.'

म्हटलं, चला! एवढे कष्ट घेतले, एवढी विमानं पोटावर उतरवली, पण घर बोलतं झालं. त्या आनंदात मी चहा टाकला. दालचिनी जरा जास्तच घातली, उत्सवमूर्तीसाठी. तिघांच्या हातात कप दिले. नवऱ्याने घोट घेतला. ह्या वेळी गॅलरीत नाही गेला. खुर्चीत ताठ बसला, तस्साच, घुबडासमोर उभा होता तसा, आणि अगदी नम्र, स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला,

'माहिती म्हणून सांगतो... मला दालचिनी आवडत नाही.'

'अरे, लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा करत्येय! बोलला का नाहीस?'

'म्हटलं, तुझ्या लक्षात असेलच.'

तेवढ्यात सासऱ्यांनी कप खाली ठेवला. 'आता विषय निघालाच आहे, तर माहिती म्हणून सांगतो, मलाही नाही.'

'मी सुचवते,' सासूबाई म्हणाल्या, 'साधा कर.'

म्हणजे सासूबाई तर थेट दुसऱ्या पायरीवर! आता तिसरी पायरी काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे. पातेलं जाईल हातातून! मी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा कुंडीकडे. आणि शिकवणारी मीच ना? रुसायची सोय मीच ठेवली नव्हती.

'चेक,' म्हटलं, आणि पुन्हा आधण ठेवलं.